परीक्षेपुरता डार्विन

बालभारतीचे दहावीचे विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग दोन, उघडले की पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. २०१८ साली हे पुस्तक आले तेव्हापासून तो तिथेच आहे. मराठी शाळेतल्या मुलांना जो धडा, तोच उर्दू शाळेतल्या मुलांना. फक्त लिपी उजवीकडून सुरू होते आणि उत्क्रांतीला 'इर्तिका' म्हणतात. आम्ही उमरेडमध्ये उर्दू माध्यमाच्या मुलांना हा धडा शिकवतो. शाळेचे नाव सांगण्यात हशील नाही, कारण जे सांगायचे आहे ते एका शाळेचे नाही.

काही वर्षांपूर्वी हा धडा संपवून आम्ही वर्गाबाहेर पडत होतो. पहिल्या तिनात येणारी एक मुलगी दाराशी थांबली. म्हणाली, "सर, इसका जवाब लिखे तो गुनाह होता क्या?" आम्ही विचारले, असे कोण म्हणाले? ती म्हणाली, "कोई नहीं बोला. पर मानते नहीं और लिखते, तो झूठ हुआ ना?"

पंधरा वर्षांच्या मुलीने विचारलेला हा प्रश्न कुठल्याही आलिमाला घाम फोडील असा होता. आम्ही मात्र घाम फुटू दिला नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने आम्हाला जो तोडगा शिकवला होता, तोच आम्ही तिच्या हातावर ठेवला: "बेटा, इम्तिहान के लिए याद कर लो, ईमान में मत लाओ." ती मान हलवून गेली. त्या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले असणार. आम्ही मात्र नापास झालो, हे कळायला आम्हाला पुढे दोन-तीन वर्षे लागली.

वाचकहो, हे एकच वाक्य आज आमच्या निशाण्यावर आहे. हे वाक्य आमच्या समाजातल्या कितीतरी वर्गांतून, शिकवण्यांतून, घरांतून बोलले जाते. त्यात कुणाला वावगे वाटत नाही. उलट बोलणाऱ्याला वाटते की आपण दोन्ही वाचवले, मुलाचे मार्कही आणि ईमानही. प्रत्यक्षात दोन्ही गेले. विज्ञान शिकवलेच नाही, कारण जे खरे मानायचे नाही ते पाठ करणे म्हणजे विज्ञान नव्हे. आणि ईमान कुठे राहिले? मनात एक आणि कागदावर दुसरे, याला आमच्या दीनमध्ये एक नाव आहे. ते नाव निफाक. मुलांना मुनाफिक व्हायला शिकवायचे आणि वर म्हणायचे की आम्ही त्यांचा धर्म राखला! बी.एड.ला आम्हाला पाठ टाचण कसे काढायचे, उद्दिष्टे कशी लिहायची हे शिकवले होते. 'विद्यार्थी खोटे बोलायला शिकतील' हे उद्दिष्ट त्यात नव्हते.

आम्ही स्वतः कोण, हेही सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कुणाचा रक्तदाब वाढणार नाही. आम्ही दीन सोडलेले नाही. रोजे ठेवतो, जुम्याला जातो, फजर कधी कधी हुकते. हमीद दलवाईंविषयी आदर असूनही त्यांच्या वाटेने आम्ही गेलेलो नाही. तेव्हा 'हा तर त्यातला' म्हणून पान उलटण्याची सोय आम्ही कुणालाच देत नाही.

आता स्टाफरूममधला नेहमीचा युक्तिवाद घेऊ. 'डार्विनचा हा फक्त नज़रिया आहे, हकीकत नाही.' नज़रिया म्हणजे सिद्धांत. मग अणूचाही नज़रियाच आहे. जंतूंमुळे रोग होतात हाही नज़रियाच. त्या नज़रियावर भरवसा ठेवून आपण पोराला डोस पाजतो. विज्ञानात नज़रिया म्हणजे चहाच्या टपरीवर व्यक्त केलेले मत नव्हे. शेकडो पुराव्यांना एका सूत्रात बांधणारे स्पष्टीकरण म्हणजे नज़रिया. दुसरा युक्तिवाद त्याहून लाडका: 'हम बंदर की औलाद हैं क्या?' अकबर इलाहाबादींनी डार्विनची टर उडवली, ते शेर आजही आमच्याकडे पुराव्यासारखे फेकले जातात. शेर झकास आहेत, पण शेराने जीवशास्त्र खोटे ठरत नाही. माणूस आजच्या माकडापासून झाला असे कुठलेही पुस्तक म्हणत नाही. आम्ही वर्गात विचारतो, तू तुझ्या चुलतभावाच्या पोटी जन्मलास का? नाही. पण तुमचा आजा एक. बस, एवढेच.

आणि पुरावा? मास्तर माणसाला पटेल असा एक देतो. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरे सारखी असली तर आम्ही काही म्हणत नाही. पण दोघांतही तीच चूक, त्याच ओळीत, त्याच शब्दात असली की आम्ही ओळखतो, दोघांनी एकाच ठिकाणाहून उतरवले आहे. बहुतेक सस्तन प्राणी आपले क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, कारण त्यासाठी लागणारे जनुक आपल्यात मोडलेले आहे. चिंपांझीतही ते मोडलेलेच आहे आणि मोडण्याच्या खुणाही जुळतात. कॉपी पकडण्यात ज्यांची हयात गेली, त्या शिक्षकांनी या उत्तरपत्रिकांवर काय शेरा मारायचा ते स्वतः ठरवावे.

पण पुराव्यासाठी इतके लांब कशाला जायचे? उमरेड कोळशावर बसलेले आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणीने या गावाच्या कितीतरी घरांत पगार आणला, आमच्या वर्गातल्या मुलांच्या घरांतही. हा कोळसा पर्मियन काळातला, म्हणजे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. या खाणीतल्या खडकांत पानांचे ठसे सापडतात. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध शीर, दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. शास्त्रज्ञ त्याला ग्लॉसोप्टेरिस म्हणतात. उमरेडच्या कोळसाक्षेत्रातल्या या वनस्पतींवर २०१२ साली शास्त्रज्ञांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हेच पान आफ्रिकेत सापडते, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात सापडते. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉटच्या शेवटच्या तंबूपाशीही या पानाचे ठसे असलेले दगड सापडले. माणसे उपासमारीने आणि थंडीने मरत होती, पण सुमारे १६ किलो दगड त्यांनी टाकून दिले नाहीत. कधीकाळी हे सगळे खंड एकमेकांना चिकटलेले होते. त्या प्राचीन भूखंडाला जगाने नाव दिले गोंडवाना. आपल्या शेजारच्या गोंडांचे नाव! ऑस्ट्रेलियातली मुलेसुद्धा ते पाठ करतात. आणि आमच्या मुलांना, जी त्या कोळशावर झोपतात, आम्ही सांगतो की हे मानू नका.

इथे उर्दूतली एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. जीवाश्माला आमच्या उर्दू पुस्तकात शब्द आहे 'रिकाज़'. जीवाश्म इंधन म्हणजे 'रिकाज़ी ईंधन'. हा शब्द कुठून आला? फिक्हमधून. रिकाज़ म्हणजे जमिनीत पुरलेला जुना खजिना. तो सापडला तर पाचवा हिस्सा, खुम्स, बैतुलमालला द्यायचा, असा मसला आहे. ज्या कुणी मुदर्रिसाने हा शब्द जीवाश्मासाठी निवडला, त्याला आमचा सलाम. जमिनीतून निघालेले हे खजिने आहेत, त्यांना हराम मालासारखे हाताळू नये, एवढे त्याला कळत होते.

नागपूर परिसरातले हे खजिने ज्यांनी गोळा केले, त्यांच्यात पहिले नाव एका धर्मोपदेशकाचे आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरात आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. बायबल शिकवायला आलेला हा पाद्री सवड मिळाली की हातोडी घेऊन टेकड्या धुंडाळी. त्यांनी जमवलेल्या नागपूरच्या वनस्पती-जीवाश्मांचे वर्णन बनबरी यांनी १८६१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परत येताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. डार्विनविषयी त्यांचे मत काय होते हा आमचा विषय नाही. दगडात जे दिसते ते पाहायला त्यांच्या धर्माने त्यांना अडवले नाही, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे. त्यांच्या जागी आमचा एखादा मौलवी का नव्हता, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा. सूरह अन्कबूतमध्ये तर जमिनीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असा स्पष्ट आदेश आहे. पाद्री फिरला. आम्ही तिलावत केली.

यावर आमच्यातले काही उत्साही लोक लगेच म्हणतात, 'अहो, डार्विनच्या हजार वर्षे आधी आमच्या जाहिज़ने हे सांगितले!' या मंडळींपासूनही आम्हाला सावध राहायचे आहे. बसऱ्याच्या अल-जाहिज़ने नवव्या शतकात 'किताबुल हयवान' लिहिले, त्यात प्राण्यांचे निरीक्षण आहे, एकमेकांना खाण्याची साखळी आहे. इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा'त खनिजापासून वनस्पती, वनस्पतीपासून प्राणी, आणि प्राणिसृष्टीच्या वरच्या टोकाला माकड व पुढे माणूस अशी चढती श्रेणी मांडली. पुढे काही छापील प्रतींत 'किरदा' म्हणजे माकडे या शब्दाची अक्षरे अदलाबदल होऊन 'कुदरा' म्हणजे सामर्थ्य झाले. छापणाऱ्याची चूक की छापणाऱ्याची लाज, अल्ला जाणे. हे सगळे आम्हाला अभिमानाचे आहे. पण जाहिज़ डार्विन नव्हता आणि इब्न खल्दूनला जनुक माहीत नव्हते. पूर्वजांचा खरा अर्थ असा, की ते असले विचार लिहू शकत होते आणि त्यासाठी त्यांना इस्लाममधून कुणी काढले नाही. जो समाज पुरावा शोधत नाही आणि दुसऱ्याने शोधला की 'हे आमच्याकडे होतेच' म्हणतो, तो पुष्पक विमानवाल्यांना हसण्याचा हक्क गमावून बसतो.

त्यांच्याकडेही पाहून घेऊ. २०१८ च्या जानेवारीत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत एका वैदिक संमेलनात जाहीर केले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिल्याचे कुठे लिहिलेले नाही. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये काय झाले असेल? एरवी ज्या पक्षाच्या नावाने बोटे मोडली जातात, त्या पक्षाच्या मंत्र्याला दाद मिळाली. 'बात तो सही बोला!' २०१९ च्या जानेवारीत जालंधरच्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये एका कुलगुरूंनी डार्विनपेक्षा दशावतार सरस ठरवले, तेव्हा मात्र तीच मंडळी हसली. पुढे एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी करण्याच्या नावाखाली दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. २०२३ च्या एप्रिलमध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी सह्या करून त्याचा निषेध केला. आमच्यातल्या कुणाला त्याचे दुःख झाले? उलट सुटकेचा निःश्वास ऐकू आला. २०१७ साली तुर्कस्ताननेही माध्यमिक शाळांतून हा विषय काढला होता, त्याचा दाखला दिला गेला. इराणच्या शाळांत तो शिकवला जातो, हे मात्र कुणाला आठवले नाही. ज्यांच्याशी सगळ्या बाबतीत आपले भांडण आहे, त्यांच्याशी नेमक्या अज्ञानाच्या बाबतीत आपली युती व्हावी, ही एकात्मता काय कामाची?

आमच्याकडच्या विरोधाला मालमसाला पुरवला तो हारून यह्या या नावाने. इस्तंबूलच्या अदनान ओक्तारचे हे लेखनातले नाव. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे, उर्दू-इंग्रजी भाषांतरे. आमच्या एका शाळेच्या कपाटातही ती पुस्तके होती आणि सर्वांत जास्त हाताळलेली तीच. २००६-०७ च्या सुमारास त्याचा 'अ‍ॅटलस ऑफ क्रिएशन' हा भलाथोरला ग्रंथ युरोपातल्या शाळांना फुकट वाटला गेला. कोट्यवधी वर्षांत जीव बदललेच नाहीत हे दाखवायला त्यात जिवंत कीटकाचे म्हणून जे चित्र छापले, ते मासे पकडायच्या गळाला लावतात त्या नकली माशीचे होते. चित्रात गळ चक्क दिसतो! या ओक्तारला गुन्हेगारी टोळी चालवणे, लैंगिक अत्याचार अशा आरोपांवरून तुर्की न्यायालयाने २०२१ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर पुन्हा २०२२ मध्ये हजारो वर्षांची शिक्षा सुनावली. माणूस वाईट म्हणून मुद्दा खोटा असे आम्ही म्हणणार नाही. पण मुद्दाही गळाला लावलेलाच होता, आणि मासे आम्ही होतो.

खरे तर या वादात आमचे वडीलधारे आमच्याहून धीट होते. सर सय्यद अहमद खानांची भूमिका अशी, की कुरआन हे अल्लाचे वचन आणि निसर्ग हे अल्लाचे कार्य. दोन्हींत विरोध असूच शकत नाही, दिसलाच तर आपले वाचणे चुकले. त्यांच्यावर कुफ्रचे फतवे निघाले, 'नेचरी' ही शिवी पडली. जमालुद्दीन अफगाणींनी हैदराबाद दख्खनमध्ये बसून १८८१ साली नेचरींविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि डार्विनच्या हिशेबाने पिसवाचा हत्ती होईल अशी खिल्ली उडवली. त्याच दशकात, १८८८ साली, त्रिपोलीचे आलिम हुसैन अल-जिस्र यांनी मात्र लिहिले की हे निर्विवाद सिद्ध झाले तर आयतींचा अर्थ त्याच्याशी जुळवून घेता येईल, अल्लाचे निर्माते असणे त्याने ढळत नाही. इक्बालांनी आपल्या इंग्रजी व्याख्यानांत आदमच्या कथेचा अर्थ पहिल्या माणसाच्या जन्माची बातमी असा न घेता माणसाला स्वतःची जाणीव होण्याची कथा असा घेतला. इक्बालांचा फोटो आमच्या कितीतरी शाळांत लावलेला असतो. ही व्याख्याने त्या भिंतीपलीकडे गेलीच नाहीत.

आणि गज़ाली? ज्यांचे नाव घेऊन फलसफ्याला झोडपले जाते, त्याच गज़ालींनी 'तहाफुत'च्या आरंभी बजावले आहे की ग्रहणाचे गणित ज्याला हिशेबाने सिद्ध झाले आहे, त्याच्यापुढे धर्माच्या नावाने ते नाकारणारा माणूस धर्माचेच नुकसान करतो. का? कारण ऐकणाऱ्याला गणितावर शंका येत नाही, धर्मावर येते. नऊशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आमच्या स्टाफरूममध्ये फ्रेम करून लावावा असा आहे.

अडचण नाही असे आम्ही म्हणत नाही. पाऊस अल्ला पाडतो हे मानणारा मुलगा बाष्पीभवन शिकतो, त्याला कुणी अडवत नाही. आईच्या पोटात मूल अल्ला घडवतो हे मानूनच आम्ही गर्भाची वाढ शिकवतो, उलट त्यावर 'माशाअल्ला' म्हणतो. मग घोडा, देवमासा, कोंबडी यांच्याबाबतीत गाडे का अडावे? ते अडते एकाच जागी, हज़रत आदमपाशी. तिथे आमचेही अडते. काही आलिम म्हणतात, सगळी सृष्टी उत्क्रांतीने झाली असेल, आदम अलैहिस्सलाम यांचा जन्म मात्र मोजिज़ा होता, आणि मोजिज़ा प्रयोगशाळेत तपासता येत नाही. काही इक्बालांसारखा अर्थ घेतात. आम्ही दुसऱ्या बाजूला झुकतो, पण पहिल्या बाजूच्या माणसाशी आमचे भांडण नाही. तोही तो धडा प्रामाणिकपणे शिकवू शकतो. जॉर्डनच्या राणा दजानी हिजाब घालून विद्यापीठात उत्क्रांती शिकवतात. विद्यार्थ्यांवर मत लादत नाहीत, पुरावे मांडतात आणि श्रद्धेविषयीच्या प्रश्नांना वर्गातच जागा देतात. २०१५ साली त्यांनी 'नेचर'मध्ये याविषयी लिहिले. आमचे भांडण आहे ते पान दुमडून पुढे जाणाऱ्याशी.

कुणी म्हणेल, नाही शिकवला हा एक धडा तर काय बिघडले? उमरेड-भिवापूरच्या कुठल्याही कपाशीवाल्याला विचारा. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचा २००६ मध्ये. बोंडअळी मरू लागली. पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याचे १२० ग्रॅमचे छोटे पुडके मिळे. ते धुऱ्याकडेने लावायचे असे. पुष्कळांनी ते फेकून दिले. ते कशासाठी होते? विषाला दाद न देणाऱ्या एखाददुसऱ्या अळीचा पतंग झालाच, तर त्याचा जोड साध्या, विषाने मरणाऱ्या पतंगाशी लागावा आणि ताकद पिढीत साठू नये. साधी कपाशीच नाही म्हटल्यावर उरले कोण? विष पचवणारेच. त्यांचीच संतती वाढली. २०१७ साली विदर्भातल्या शेतांत गुलाबी बोंडअळीने काय केले ते बोंडे फोडून पाहणाऱ्यांनी पाहिले आहे. अळीने डार्विन वाचला नव्हता, पण शेतकऱ्याच्या पोराने वाचला असता तर ते पुडके फेकले नसते. डॉक्टरने पाच दिवसांची दिलेली गोळी दोन दिवसांत सोडणारा रुग्ण हेच करतो. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात कब्रस्तानात रांगा लागल्या, तेव्हा ज्या डेल्टाने ते केले तो बदलत बदलत, निवडला जात जातच तिथवर आला होता. त्या जनाज़्यांना आम्हीही खांदा दिला आहे. हे सगळे एकाच धड्यात आहे, त्या दुमडलेल्या पानांवर.

ती मुलगी पुढे बारावी सायन्सला गेली एवढे आम्हाला माहीत आहे. तिला गाठून 'आम्ही तुला चुकीचे सांगितले' असे म्हणायची हिंमत आम्हाला झालेली नाही. तिच्यानंतरच्या मुलांना मात्र आम्ही ते वाक्य सांगत नाही. आता धडा सुरू करताना टेबलावर खाणीकडून आलेला एक काळा पापुद्र्याचा दगड ठेवतो. त्यावर अर्धे पान आहे, मधली शीर स्पष्ट दिसते. गेल्या खेपेला मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "सर, ये रिकाज़ है तो इसका खुम्स निकालना पड़ेंगा क्या?" वर्ग हसला. आम्ही म्हटले, मौलाना साहेबांना विचारून ये. तो खरोखरच दगड घेऊन गेला. मौलाना साहेबांनी चष्मा लावून तो उलटसुलट पाहिला, किती जुना आहे ते विचारले, आकडा ऐकून 'सुभानअल्ला' म्हणाले, आणि खुम्सचा मसला किताब पाहून सांगतो म्हणाले. अजून सांगितलेला नाही.

मुलांना बिघडवतो म्हणून आमच्याविरुद्ध तक्रारीची भाषा काहींनी केली आहे. त्यांना आमचे एकच सांगणे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि हा धडा पहिलाच आहे. मागचा बाक रिकामा ठेवतो. या, बसा, आणि मुलांसमोर विचारा.